कार्ड, शिक्का आणि साडेतेरा तास : ब्रेव्हेची पार्श्वभूमी

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकल सफर, साडेतेरा तासांत पुरी करायची असते. कुणी आठ तासांत आला, कुणी तेरा तास एकोणतीस मिनिटांनी, तरी दोघांच्या पदरात सारखंच पडतं. क्रमांक नाही, विजेता नाही. रस्ता बंद केलेला नसतो, पुढे पायलट गाडी नसते, मागे ॲम्ब्युलन्स नसते. पंक्चर स्वतः काढायचं, पाणी स्वतः शोधायचं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की आयोजकांनी सरळ हात झटकलेत. पण या नियमावलीतला जवळपास प्रत्येक नियम अशा लोकांनी घडवला आहे, ज्यांच्याकडे पगारी माणसं नव्हती, पैसा बेताचा होता आणि सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. स्वयंसेवी क्लब चालवणाऱ्याला हे नियम कुठून आले ते ठाऊक असेल तर कुठला ताणता येतो आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे आपोआप कळतं.

सुरुवात मात्र शर्यतीपासून झाली, आणि तीही वर्तमानपत्राचा खप वाढवण्यासाठी. १८९१ मध्ये पॅरिसच्या ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकाचे संपादक पिएर जिफार यांनी पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत परतला आणि पहिला आला. ही शर्यत इतकी मोठी होती की दरवर्षी भरवणं परवडणारं नव्हतं. म्हणून ती दर दहा वर्षांनी घ्यायचं ठरलं. १९०१ ची मॉरिस गाराँने जिंकली. (चाकाच्या आकाराचा ‘पॅरिस–ब्रेस्ट’ नावाचा केक १९१० मधला. शर्यत विसरली गेली असती तरी तो राहिला असता.)

हौशी सायकलस्वारांची परंपरा वेगळ्या वाटेने आली. १८९७ मध्ये इटलीतल्या काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचं अंतर एका दिवसाच्या उजेडात कापायचं ठरवलं. असं धाडस करणाऱ्यांना ‘ऑडॅक्स’ म्हणू लागले. हा लॅटिन शब्द, अर्थ धाडसी. टूर द फ्रान्स उभी करणारे आंरी देग्रांज यांनी पुढे १९०४ मध्ये ही कल्पना फ्रान्समध्ये आणली आणि त्याच वर्षी ऑडॅक्स क्लब पॅरिझियन, म्हणजे एसीपी, स्थापन झाला. आज जगभरातल्या बीआरएमचे, म्हणजे ‘ब्रेव्हे द रँडोनर मोंदियो’ या नावाने होणाऱ्या ब्रेव्हेंचे, निकाल मंजूर करतो तो हाच क्लब.

देग्रांज यांच्या पद्धतीत सगळा जथा एकत्र चालायचा. पुढे कॅप्टन, ठरलेला वेग, ठरलेले थांबे. या शैलीत आजही ताशी २२.५ किलोमीटरचा वेग धरतात. कॅप्टनच्या पुढे जायचं नाही आणि मागे रेंगाळायचं नाही. ऐकायला हे शिस्तशीर वाटतं. पण ज्याने रविवारची क्लब राइड चालवली आहे त्याला यातली गोम लगेच दिसेल. एकाचं पंक्चर म्हणजे सगळ्यांचा खोळंबा. चढावर मागचे सुटतात, उतारावर पुढचे चुळबुळतात. पुढे एक, मधे दोन, शेवटी एक अशी अनुभवी माणसं लागतात आणि त्यांनाही पूर्ण अंतर पार करावं लागतं. वीस-पंचवीस जणांपर्यंत हे जमतं. साठ जण झाले की कॅप्टनचा आवाजही मागे पोचत नाही.

१९२१ मध्ये एसीपीचं देग्रांज यांच्याशी बिनसलं आणि त्यांच्या पद्धतीच्या ब्रेव्हे भरवायची मुभा क्लबच्या हातून गेली. मग क्लबने स्वतःचा प्रकार काढला : मुक्त वेगाचा. ज्याने त्याने आपल्या गतीने जायचं, एकटं किंवा सोबतीने, फक्त ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेच्या आत पोचून कार्डावर नोंद घ्यायची. इथे कॅप्टनची जागा कार्डाने घेतली. भांडणातून निघालेली ही सोय स्वयंसेवी क्लबच्या फार मोठ्या कामी आली. आता आयोजकाला सायकलस्वाराबरोबर फिरायची गरज उरली नाही. चार ठिकाणी टेबल मांडून बसलं की झालं.

दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, पॅरिस–ब्रेस्टच्या रस्त्यावर व्यावसायिक शर्यतीबरोबर रँडोनर, म्हणजे लांब पल्ल्याचे हौशी सायकलस्वारही उतरले. व्यावसायिकांची शेवटची शर्यत १९५१ ची. त्यानंतर स्पर्धक गळाले आणि हौशी उरले. १९७५ पासून पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस दर चार वर्षांनी होते. रँडोनरसाठी वेळ जास्तीत जास्त ९० तास.

मुक्त वेग म्हणजे वेळेचं गणित आलंच, आणि क्लबचं अर्धं काम या गणितात आहे. प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे कार्डावर नोंद घ्यायच्या ठिकाणाला, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. उघडण्याची वेळ पहिल्या २०० किलोमीटरसाठी ताशी ३४, पुढच्या २०० साठी ३२, त्यापुढच्या २०० साठी ३० किलोमीटर या वेगाने काढतात. बंद होण्याची वेळ ६०० किलोमीटरपर्यंत ताशी १५ ने. ६०० ते १००० दरम्यान हा वेग ११.४२८ धरतात. हा आकडा विचित्र वाटतो, पण ६०० ला ४० तास आणि १००० ला ७५ तास द्यायचे ठरले की मधल्या ४०० किलोमीटरला ३५ तास उरतात, त्याचा हा भागाकार. दुसऱ्या रात्री माणसाला झोपावं लागतं, हे त्यात गृहीत आहे.

नवे आयोजक ज्यात हमखास चुकतात तो पहिल्या ६० किलोमीटरचा नियम. सरळ ताशी १५ चा हिशोब लावला तर सुरुवातीचं टेबल शून्य मिनिटाला बंद होतं. दारात पंक्चर झालेला गडी निघण्याआधीच बाद. म्हणून ६० किलोमीटरपर्यंत ताशी २० चा वेग धरून वर एक तास देतात. ३० किलोमीटरवर कंट्रोल असेल तर १५ च्या हिशोबाने दोन तास होतात, नियमाने अडीच. ६० वर मात्र दोन्ही हिशोब चार तासांवर येऊन मिळतात, त्यामुळे पुढे जोड दिसत नाही. २०० च्या शेवटालाही असंच आहे : भागाकार १३ तास २० मिनिटं येतो, नियमाची मर्यादा साडेतेरा तास. शेवटचं टेबल दहा मिनिटं आधी आवरलं तर वेळेत आलेल्या माणसाला उगाच बाद केल्यासारखं होतं.

याच गणितातून स्वयंसेवकांच्या पाळ्या ठरतात. २०० ची ब्रेव्हे सकाळी ६ ला सुटली तर १०० किलोमीटरवरचं टेबल ८:५६ ते १२:४० चालू, शेवट ११:५३ ते १९:३०. दोन माणसांत भागतं. ६०० चं वेगळंच. शनिवारी पहाटे ५ ला सुटली तर शेवटचं टेबल त्याच रात्री ११:४८ ला उघडतं आणि रविवारी रात्री ९ ला बंद होतं. २१ तास १२ मिनिटं. इथे तीन पाळ्या हव्यातच, आणि पहाटे ३ ते ६ ची पाळी एकट्याला देऊ नये. तो झोपला तर आलेल्याच्या कार्डावर वेळ कोण टाकणार? म्हणूनच कार्डावर वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहायची. नुसतं २:१५ लिहिलं की दुपार की रात्र यावरून निकालाच्या दिवशी वाद होतो. लिहायला साधं बॉलपेन ठेवावं. जेल पेनची आणि शिक्क्याची शाई घामात, पावसात पसरते. कार्ड प्लास्टिकच्या झिप पिशवीत द्यावं, आणि हरवलं तर ब्रेव्हे गेली हे निघण्याआधी मोठ्याने सांगावं.

जिथे माणूस बसवणं शक्य नाही तिथे वेळ छापलेली पावती चालते, पेट्रोल पंपाची किंवा एटीएमची. नाहीतर माहितीचा प्रश्न असतो : अमुक किलोमीटरच्या दगडासमोर काय आहे? प्रश्न असा निवडावा की उत्तर इंटरनेटवरच्या रस्त्याच्या छायाचित्रात सापडू नये. आणि उत्तर आदल्या आठवड्यात जाऊन पाहून यावं, कारण रुंदीकरणात दगड आणि पाट्या दोन्ही जातात.

ही पद्धत फ्रान्सबाहेर पसरली तेव्हा प्रश्न आला की दुसऱ्या देशातल्या क्लबने दिलेल्या वेळेवर विश्वास का ठेवायचा. ब्रिटनमध्ये ऑडॅक्स यूके १९७६ मध्ये उभी राहिली; १९८३ मध्ये ‘ले रँडोनर मोंदियो’ ही आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि बीआरएम हे नाव रुळलं. उत्तर सोपं निघालं : प्रत्येक देशाचा एक प्रतिनिधी, तारखांचं कॅलेंडर आधी पाठवायचं, निकाल नंतर पाठवायचा, एसीपी तो मंजूर करून प्रत्येक ब्रेव्हेला क्रमांक देते. वर्ष मोजायचं १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर. त्या वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० चारही पूर्ण केल्या की सुपर रँडोनर.

भारतात २०१० नंतरच्या दशकात हे रुजलं, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही देशाची संघटना उभी करण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचं नाव अग्रभागी येतं. पाठोपाठ मुंबई, नाशिक, नागपूर अशा गावोगावच्या सायकलस्वारांनी तारखा लावल्या. नोव्हेंबरला वर्ष सुरू होणं आपल्याकडे आयतं पथ्यावर पडलं. पाऊस ओसरलेला, थंडी यायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चारही अंतरं बसवता येतात आणि हुकलेल्यांसाठी पावसाळ्याच्या आधी-नंतर जागा उरते. याच काळात महाराष्ट्रातून अमेरिकेतल्या ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’कडेही वाट गेली : नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ मध्ये जोडीने ती पार करून आले. पण त्या शर्यतीत मागे गाडी आणि माणसांचा ताफा लागतो. ब्रेव्हेत कंट्रोल सोडून वाटेत कुठेही गाडीची मदत घेतली की नियमभंग. नव्या मंडळींच्या मनात या दोन्हींची सरमिसळ होते, आणि मग कुणाचा तरी भाऊ स्कूटरवरून केळी घेऊन मागे फिरत असतो.

फ्रान्समधल्या खेड्यांतल्या रस्त्यांसाठी घडलेला नियम आपल्या महामार्गांवर उतरला की काही अडचणी नव्याने येतात. पहिली दुभाजकाची. सहापदरी रस्त्यावर कंट्रोलचा ढाबा उजव्या हाताला असेल तर लोक उलट्या दिशेने येतात किंवा सायकल दुभाजकावरून उचलून नेतात. कंट्रोल नेहमी डाव्या हाताला हवा. परतीचं वळण असेल तर भुयारी मार्गातून वळल्यावर लगेच. दुसरी अडचण बंदीची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, त्यामुळे आखणी जुन्या महामार्गाने आणि खोपोलीजवळ शिंग्रोबाच्या घाटाने करावी लागते. संगणकावर मार्ग ओढताना रेघ हळूच द्रुतगती मार्गावर जाऊन बसते. ती जीपीएस फाइल तशीच वाटली गेली तर अंधारात चाळीस जण टोलनाक्यावर उभे. तिसरी, टायरमधल्या तारांची. ट्रकचे फुटलेले टायर कडेला पडतात, त्यांतल्या केसाएवढ्या पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये रुततात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तार काढली नाही, तर दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. दोन ट्यूब, पॅच आणि बारीक चिमटा घ्यायला सांगावं ते यासाठी.

अंतर जाहीर आकड्यापेक्षा कमी भरून चालत नाही, वाढीव किलोमीटरला वाढीव वेळही मिळत नाही. २०२ ते २०५ भरेल अशी आखणी बरी. वळणावर टेबल नसेल तर मधला जवळचा रस्ता कुणीतरी घेणारच. शंका असेल तिथे न सांगितलेला गुप्त कंट्रोल लावायची सोय नियमातच आहे.

रात्रीच्या ढाब्याचं वेगळं. मालक दुपारी फोनवर हो म्हणतो, पण रात्री २ वाजता गल्ल्यावर असलेल्या पोराला काहीच माहीत नसतं. रात्रपाळीच्या माणसाचा नंबर वेगळा घ्यावा आणि निघण्याच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन करावा. मार्चमधल्या दुपारच्या कंट्रोलवर माणशी दोन लिटर पाणी धरावं. चाळीस जणांना वीस लिटरचे चार जार. मिठाची, ओआरएसची पाकिटं सोबत. जेवण ज्याचं त्याने घ्यायचं.

नियमानुसार प्रत्येक सायकलस्वार वैयक्तिक सफरीवर असतो. रस्त्याचे कायदे त्याला लागू, विमा सक्तीचा, रात्री पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट हवंच. याच कलमावर पगारी यंत्रणेशिवाय क्लब उभा राहू शकतो. पण म्हणून मोजणी सुटत नाही. वहीत तीन आकडे वेगळे हवेत : नाव नोंदवलेले, प्रत्यक्ष निघालेले, परत आलेले किंवा सोडल्याचं कळवलेले. पहिले दोन एकत्र केले की मध्यरात्री चार स्वयंसेवक मोटारीने घाट धुंडाळतात आणि तो माणूस घरी झोपलेला सापडतो, कारण तो सकाळी आलेलाच नसतो. सोडणाऱ्याने बसमध्ये चढण्याआधी फोन करायचा, हे कार्डावरच आयोजकाच्या नंबरशेजारी छापावं. शेवटची वेळ उलटून गेली आणि एखाद्या कार्डाचा पत्ता नसेल, तर टेबल आवरायचं नाही. आधी त्याच्या मागच्या कंट्रोलची नोंद काढायची, मग त्याच्या घरच्यांना नव्हे तर त्यालाच दोनदा फोन, नंतर त्याच्या पुढे-मागे असलेल्यांना.