पथकातला दादा : स्काउट चळवळीत मोठ्यांची जागा कशी ठरत गेली

जानेवारी १९०८मध्ये इंग्लंडात ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ या पुस्तकाचा पहिला भाग विक्रीला आला. दर पंधरवड्याला एक असे एकूण सहा भाग, किंमत प्रत्येकी चार पेन्स. शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांतून घेता यावी, अशीच ही किंमत होती. त्याचे लेखक, ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना तेव्हा नवी संघटना काढायची नव्हती. बॉइज ब्रिगेडसारख्या मुलांच्या चालू संस्थांनी यातले खेळ, माग काढणं, रानातलं जगणं आपापल्या कार्यक्रमात घ्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण मुलांनी संस्थांची वाट पाहिली नाही. गल्लीतली पाच-सात पोरं जमली, एखाद्या प्राण्याचं नाव घेतलं, काठ्या आणल्या, आपल्यातलाच एक नायक केला आणि संघ सुरू झाला. आपल्याला एक मोठा माणूसही लागेल, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. मग चर्चमधला तरुण पाद्री, एखादा मास्तर, निवृत्त शिपाई, कुणाचा तरी थोरला भाऊ अशा कुणाच्या तरी दारात जाऊन ‘तुम्ही आमचे स्काउटमास्टर व्हाल का?’ असं विचारणं सुरू झालं.

अशा काही संघांचं मिळून पथक होतं. स्काउट पथकातल्या मोठ्या माणसांच्या भूमिकांबद्दल पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जो काथ्याकूट झाला, तो समजून घ्यायचा तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. आधी मुलं, मग मोठा माणूस. शाळेत याच्या उलट असतं, सैन्यातही उलट असतं.

या कल्पनेचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात सांगितलं जातं. १८९९-१९००मध्ये २१७ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात गावाच्या बचावाचे प्रमुख बेडन-पॉवेल होते, आणि त्यांच्या हाताखालच्या लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने गावातल्या मुलांचं पथक उभं केलं. निरोप पोचवणं, टेहळणी, इस्पितळातली मदत अशी कामं ती करत, आधी गाढवांवरून आणि पुढे सायकलवरून. वॉर्नर गुडइयर नावाचा कोवळ्या वयाचा मुलगा त्यांचा सार्जंट-मेजर होता, आणि वेढ्यात छापलेल्या टपाल तिकिटावर सायकलवर बसलेला तोच दिसतो. युद्धात मुलांना वापरणं आज कुणालाही खटकेल आणि खटकायलाच हवं. पण बेडन-पॉवेल तिथून निघाले ते एक गोष्ट मनाशी बांधून : मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तो ती पेलतो.

ती पारखून पाहिली ब्राउनसी बेटावर, ऑगस्ट १९०७च्या पहिल्या आठवड्यात. जेमतेम वीस मुलं होती. काही ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथमधल्या बॉइज ब्रिगेडची, म्हणजे कामकरी घरांतली. त्यांचे चार संघ केले : लांडगे, कावळे, बैल आणि कर्ल्यू नावाचे लांब चोचीचे पक्षी. प्रत्येक संघाला आपला नायक. रात्री एका संघाची पाळी असे. पीठ, मांस, भाजी, चहा असा शिधा घ्यायचा, दूर जाऊन स्वतः रांधायचं आणि रात्रभर पहारा द्यायचा. मोठी माणसं मोजकीच होती. बेडन-पॉवेल, त्यांचे जुने सैनिकी मित्र केनेथ मॅक्लॅरन, प्रकाशन संस्थेतले पर्सी एव्हरेट आणि स्थानिक बॉइज ब्रिगेडचे दोन अधिकारी. जेवण बिघडलं तर ते त्या संघाचं जेवण. मोठ्यांनी पातेल्यात हात घालायचा नाही.

संख्या वाढली तसे प्रश्नही आले. सप्टेंबर १९०९मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर सुमारे ११,००० मुलं गोळा झाली आणि त्यांच्यात काही मुलीही ‘आम्हीही स्काउट आहोत’ म्हणत उभ्या राहिल्या. गाइड चळवळीची वाट तिथून फुटली. मुलांची एवढी गर्दी ज्यांच्या भरवशावर सोडायची ती माणसं कोण, हे कुणीतरी पाहायला हवं होतं. स्काउटमास्टरला अधिकारपत्र देणं, वर जिल्हा आयुक्त नेमणं ही चौकट त्यातूनच घडत गेली. ४ ऑगस्ट १९१२ला टेम्सच्या मुखाजवळ लेसडाउनच्या किनाऱ्यापाशी, शिबिराला निघालेली लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या पथकाची होडी अचानक आलेल्या वाऱ्याने उलटली आणि नऊ मुलं बुडाली. मोठी माणसं सोबत होती, तरी हे घडलं. मुलांना मोकळीक द्यायची म्हणजे मोठ्यांनी हात झटकायचे नाहीत, ही गोष्ट अशा घटनांनी चळवळीला शिकवली. मुलं किती, होडी कुणाच्या हाती, हवामान कसं, हे मोठ्यांचंच काम.

पहिल्या महायुद्धाने मात्र पारडं पुन्हा मुलांकडे झुकवलं. स्काउटमास्टर वयाने तरुण, ते लढाईवर गेले. मागे उरलेली पथकं कित्येक ठिकाणी चौदा-पंधरा वर्षांच्या संघनायकांनी चालवली. त्याच सुमारास, १९१४मध्ये, रोलंड फिलिप्स या तरुण आयुक्ताने संघपद्धतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. संघपद्धत ही स्काउटिंगची एक रीत नसून एकमेव रीत आहे, ही भूमिका त्यातून पसरली. फिलिप्स जुलै १९१६मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला. त्याच वर्षी धाकट्यांचा कब विभाग अधिकृतपणे सुरू झाला आणि पुरुष रणांगणावर असल्यामुळे तिथे बायका मोठ्या संख्येने आल्या. कबांच्या प्रमुखाला ‘अकेला’ म्हणतात, ते किपलिंगच्या ‘जंगल बुक’वरून, आणि त्या गोष्टींचं रान नागपूरच्या उत्तरेला सिवनीकडचं. लंडनच्या गल्लीतली पोरं त्यांच्या प्रमुखबाईंना आपल्या शेजारच्या रानातल्या लांडग्याच्या नावाने हाका मारत होती, याची मला अजून गंमत वाटते.

युद्धानंतर मोठ्यांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. विल्यम दि बोआ मॅक्लॅरन या स्कॉटिश आयुक्तांनी दिलेल्या ७,००० पौंडांतून लंडनजवळची गिलवेल पार्क ही जागा १९१९मध्ये घेतली गेली आणि त्याच सप्टेंबरात पहिला वुड बॅज वर्ग भरला. या वर्गाची रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. स्काउटमास्टरांना बाकांवर बसवून व्याख्यानं दिली नाहीत. त्यांचेच संघ पाडले, त्यांनाच तंबू ठोकायला, चूल पेटवायला, एकमेकांचं ऐकायला लावलं. नायकाच्या हाताखाली राहणं म्हणजे काय, हे ज्याने अंगावर घेतलं नाही, त्याने मुलांच्या संघनायकाचा मान कसा राखावा? वर्ग पूर्ण करणाऱ्याला गळ्यात घालायला दोन लाकडी मणी मिळत. सुरुवातीचे मणी झुलू राजा दिनुझुलूच्या मानल्या गेलेल्या माळेतले होते.

त्याच काळात बेडन-पॉवेल यांनी स्काउटमास्टरांसाठी मार्गदर्शिका लिहिली. त्यात त्यांनी ही भूमिका नेमकी नेमून दिली : मास्तर नाही, हुकूम सोडणारा अधिकारी नाही, तर थोरला भाऊ. पथक किती मोठं असावं याचाही त्यांनी हिशेब दिला. आपल्याला १६ मुलं नीट हाताळता येतात, दुसऱ्याची ताकद दुप्पट धरली तरी ३२. म्हणून पथक ३२चं. यात कौतुकाचा भाग हा, की मोजमाप मुलांच्या सोयीचं आहे. प्रत्येक मुलाला नावाने, घरच्या परिस्थितीसह ओळखणारा माणूस हवा, आणि त्याहून जास्त मुलं कुणाला ओळखता येत नाहीत.

अमेरिकेत मोठ्यांच्या भूमिका सगळ्यांत बारकाईने वाटल्या गेल्या. १९१०मध्ये तिथली संघटना स्थापन झाली. पथक चर्च, शाळा, मंडळ अशा एखाद्या संस्थेच्या पंखाखाली असतं आणि ती संस्था पालकांतून समिती उभी करते. पैसा, सामान, वाहनं, शिबिराच्या परवानग्या हे समितीचं काम. मुलांशी रोजचा संबंध स्काउटमास्टर आणि त्याच्या सहायकांचा. त्यांनीही सभा चालवायची नाही. ती चालवतो मुलांनी निवडलेला ज्येष्ठ संघनायक. डेन्मार्कहून आलेल्या विल्यम हिलकोर्टने १९२९मध्ये संघनायकांसाठी स्वतंत्र हस्तपुस्तक लिहिलं, तोवर तिथेही मोठ्यांचाच वरचष्मा होता. त्याची सही ‘ग्रीन बार बिल’ अशी असे. संघनायकाच्या बाहीवरच्या दोन हिरव्या पट्ट्यांवरून हे नाव त्याने घेतलं होतं. आयुष्यभर मोठ्या हुद्द्यावर राहिलेल्या माणसाने ओळख मात्र पोराच्या खुणेची ठेवली.

याच अमेरिकेत या विश्वासाचा सर्वांत भयंकर गैरवापरही झाला. २०२०मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या प्रक्रियेत बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२,०००हून अधिक दावे दाखल झाले. एकट्या मोठ्या माणसाने मुलासोबत एकांतात असू नये, कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन प्रौढ हवेत, हे नियम तिथे १९८०च्या दशकापासून आले होते, पण ज्यांचं बालपण त्याआधी उद्ध्वस्त झालं त्यांच्यासाठी ते उशिरा आले. थोरल्या भावाच्या कल्पनेत हे भगदाड होतं. आता जगभर स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणं, त्याला बालसुरक्षेचं प्रशिक्षण देणं हा भूमिकेचा पहिला भाग झाला आहे. अमेरिकेत स्काउटमास्टर होण्याची मुभा स्त्रियांना १९८८मध्ये मिळाली.

भारतात स्काउटिंग १९०९मध्ये बंगळुरात आलं, पण फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. इथे मात्र मोठ्यांनीच दार उघडलं. १९१३मध्ये मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांची पथकं सुरू केली. हे बोस नागपूरचे वकील, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासेत, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत आपापल्या संघटना उभारल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५०ला त्या एक होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं. पुढल्या वर्षी गाइड्सही सामील झाल्या.

आपल्याकडे पथक रुजलं ते मुख्यतः शाळेत. त्याचा फायदा मोठा झाला : खेड्यातल्या, गणवेशालाही ओढाताण होणाऱ्या मुलापर्यंत स्कार्फ पोचला, छोटी कामं करून स्वतः पैसे मिळवायचे ‘खरी कमाई’चे दिवस आले, पचमढीचं शिबिर आलं. पण स्काउटमास्टर वर्गातलेच शिक्षक झाले. मुख्याध्यापकांनी नाव घातलं म्हणून बेसिक कोर्सला गेलेले, वर्गशिक्षक, निवडणुकीची कामं आणि पोषण आहार सांभाळून शनिवारी शिट्टी वाजवणारे. त्यांतले कित्येक मनापासून झोकून देतात, त्यातले काही हिमालय वुड बॅज या वरच्या प्रशिक्षणापर्यंत जातात. तरीही मुलं त्यांना ‘सर’ म्हणतात, आणि सर म्हटलं की आज्ञा आली. मी स्वतः ज्या पथकात होतो तिथे संघनायक पहिल्या घटक चाचणीच्या गुणांवरून नेमले गेले होते. आम्ही कुणाला निवडायचं असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत ‘दादा’, ‘ताई’ अशी हाक रूढ आहे. बेडन-पॉवेलना जो थोरला भाऊ अभिप्रेत होता, त्याला मराठीत तयार शब्द होता. तो आपल्या स्काउट पथकात फारसा आला नाही.

मूळ रचना मात्र नियमांत शाबूत आहे. ६ ते ८ मुलांचा संघ, संघनायक, आणि नायकांची मानसभा. पथकाचा कार्यक्रम, खर्च, कुणाची तक्रार, कुणाचा गौरव हे मानसभेत ठरतं. जुन्या प्रथेनुसार स्काउटमास्टर तिथे बसतो, विचारलं तर सल्ला देतो, मत देत नाही. एखाद्या शाळेत पथक पाहायला गेलो की मी आधी मानसभेची वही मागतो. वही आहे का, आणि असेल तर अक्षर कुणाचं आहे, ते पाहतो.