घरगुती ईव्ही चार्जर

घरगुती ईव्ही चार्जर म्हणजे इलेक्ट्रिक गाडी आपल्याच पार्किंगमध्ये, घरच्या लाइटवर चार्ज करता यावी म्हणून बसवलेला पॉइंट. सगळे त्याला चार्जर म्हणतात पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात, एसी करंटचा डीसी करून बॅटरीत भरायचं काम तोच करतो. भिंतीवरचा डबा गाडीला किती अँपिअरपर्यंत घेता येईल ते सांगतो आणि गडबड वाटली की सप्लाय तोडतो. त्यामुळे डबा 7.2 किलोवॉटचा लावला आणि गाडीचा ऑनबोर्ड 3.3 चा असला तर चार्जिंग 3.3 नेच होणार. 2020 साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचं असंच होतं, 30.2 युनिटची बॅटरी आणि ऑनबोर्ड 3.3 चा, म्हणजे रात्री लावली की सकाळपर्यंत भरायची.

घरी बहुतेक दोनच पर्याय असतात. एक, 15-16 अँपिअरचा पॉइंट आणि गाडीसोबत मिळालेली पोर्टेबल केबल. दुसरा, 32 अँपिअरचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा डबा, टाइप 2 गनवाला (गन म्हणजे गाडीत खोचायचा प्लग). रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्याला साधारण 6-7 युनिट लागतात, ती 3.3 वर दोन-सव्वादोन तासात भरतात, म्हणून माझ्या मते रोजच्या नोकरीच्या फेऱ्यांना पहिला पर्याय पुरतो. पण पॉइंट नीट बसवलेला पाहिजे. गीझर पाणी तापलं की बंद होतो, गाडी मात्र सलग आठ-आठ तास फुल लोड ओढते, आणि स्वस्तातलं सॉकेट असेल तर आतली पकड हळूहळू सैल होते, प्लगची पिन काळी पडते, प्लेट पिवळी होऊन एका कडेने वाकते. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरून हात लावून बघावा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद. निळं इंडस्ट्रियल सॉकेट त्यासाठी बरं, पकड घट्ट असते.

सोसायटीत सगळ्यात जास्त डोकं लागतं ते वायरला. मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला, मधे ड्रेनेज, पाण्याची टाकी, कुणाची तरी जागा. 60 मीटर अंतर असेल तर 6 चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत 32 अँपिअरला जवळपास 12 व्होल्ट वाटेतच जातात, 10 ची टाकली तर 7. म्हणून वायरमनने "चारची चालून जाईल" म्हटलं तर 32 अँपिअरला अजिबात ऐकू नये. वायर कंड्युट (वायरीचा पाइप) किंवा ट्रेमधून न्यावी, मधे जॉइंट नको.

कनेक्शन घ्यायचे दोन मार्ग. घरच्याच मीटरवरून घेतलं तर आधी बिलावर मंजूर भार किती आहे ते बघावं, जुन्या फ्लॅटचा तो बहुतेक वेळा 7 किलोवॉट पेलण्याइतका नसतो, मग लोड वाढवून घ्यावा लागतो. दुसरा, ईव्हीसाठी वेगळं मीटर. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगचा वेगळा दर आहे, आणि केंद्राने 2024 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागायची सोय स्पष्ट केली. घरच्या सध्याच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करायला हरकत नाही हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. तरी कमिटीला लेखी अर्ज द्यावा, सोबत वायर कुठून जाणार त्याचा साधा नकाशा जोडावा. कमिटीची भीती बहुतेक दोनच असतात, आग लागेल का आणि कॉमन लाइटचं बिल वाढेल का. वायरचा रस्ता आणि स्वतःचं मीटर कागदावर दाखवलं की बोलणं सोपं होतं.

आता अर्थिंग, आणि इथे हयगय करूच नये. जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या पिनला वायर असते पण ती खाली कुठे पोचतच नाही, घरातला फ्रीज-टीव्ही तरी चालतात म्हणून कुणाला कळत नाही. गाडी मात्र चार्जिंगच घेत नाही, डब्यावर लाल दिवा लागतो, आणि माणूस गाडीला दोष देत सर्व्हिस सेंटरला फोन करत बसतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधे व्होल्टेज मोजून बघावं, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी ते शोधायचं. नवा खड्डा घेऊन प्लेट किंवा रॉड, आजूबाजूला कोळसा-मीठ हा जुना प्रकार अजून चालतो, हल्ली तयार केमिकलचे पाइपही मिळतात. शिवाय ईव्हीसाठी स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) हवीच, अंगातून करंट गेला तर माणूस वाचवते ती आरसीसीबी, एमसीबी नव्हे. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडली पाहिजे.

उघड्या पार्किंगमध्ये डबा गुडघ्याच्या बराच वर, डोक्यावर छोटी शेड करून लावावा, पावसाचं पाणी खालून उडतं आणि तिरकंही येतं. एप्रिल-मेमध्ये कोळसा-मिठाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं, माती सुकली की चांगलं अर्थिंगही कमजोर होतं आणि जानेवारीत नीट चार्ज होणारी गाडी मेमध्ये अचानक लाल दिवा दाखवायला लागते.