पुनर्लेखन आणि मुद्रितशोधन: कादंबरीच्या दोन छाटण्या

कादंबरीचा पहिला खर्डा संपला की लेखक लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून बसतो. चारदोन 'आणि' उडवतो, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, एखादं विशेषण बदलतो. महिनाभराने शेवटच्या पानाला पोहोचला की सांगतो, पुनर्लेखन झालं. खरं तर झालेलं असतं मुद्रितशोधन, फार तर भाषेवरचा हात. कादंबरीचं मूळ दुखणं जागच्या जागी असतं.

नाशिककडच्या माणसाला हा फरक द्राक्षबागेवरून चटकन कळावा. बागेत वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलच्या खरड छाटणीत काड्या एक-दोन डोळ्यांवर (काडीवरच्या अंकुरांवर) आणतात, बाग बोडकी दिसते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड दिसू लागतात, म्हणून नवख्याला वाटतं की माल ऑक्टोबरच्या कात्रीने येतो. पण डोळ्यात घड धरतो तो खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत. तेव्हा धरला नसेल, तर ऑक्टोबरमध्ये कितीही नेटकी कात्री चालवा, नुसता पाला फुटतो. पुनर्लेखन म्हणजे खरड, मुद्रितशोधन म्हणजे गोडी.

एक परिच्छेद घेऊ:

'सुलभा नाशिकच्या सीबीएस बस स्थानकावर उतरली. आज बऱ्याच वर्षांनी ती पंचवटीतल्या वाड्यावर चालली होती. आठवणींनी तिचं मन भरुन आले होते.'

मुद्रितशोधक इथे दोन गोष्टी करेल. 'भरुन'चं 'भरून' करेल, आणि 'तिचं' व 'आले' यांतलं एक रूप धरून दुसरं त्याच्याशी जुळवून घेईल. परिच्छेद शुद्ध झाला, पण होता तितकाच निर्जीव राहिला. पुनर्लेखन करणारा वेगळंच विचारतो: ही बाई आजच का आली? तिला इथून काय हवंय, आणि ते मिळू नये असं कोणाला वाटतं? उत्तर सापडलं की परिच्छेद असा होऊ शकतो:

'भाडेकरूच्या सुनेने दार अर्धंच उघडलं. "कोण पाहिजे?"
"मी सुलभा. वाडा आमचा."
"हां हां. तुमचे दादा सकाळीच येऊन गेले की. सह्या झाल्या ना?"'

मन भरून आल्याचं वाक्य गेलं, त्याची गरजच संपली. पण आता पुढच्या चार प्रकरणांना धक्का बसला. भाऊ सकाळी येऊन गेला असेल, तर सातव्या प्रकरणात तो पहिल्यांदा नाशकात येतो कसा? एका जागचा बदल दूरच्या पानांना हलवतो, तेव्हा समजावं की पुनर्लेखन चालू आहे. बदल त्या ओळीतच संपत असेल, तर ते दुसरं काम.

पुनर्लेखनाची रीत साधी, पण अंगावर येणारी आहे. खर्डा चार ते सहा आठवडे बंद ठेवावा. मग कागदावर छापून दोन-तीन बैठकांत सलग वाचावा, हातात पेन न घेता. पेन असलं की हात शुद्धलेखनाकडेच वळतो. वाचून झाल्यावर प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड करून त्यावर तीन ओळी लिहाव्यात: प्रकरण कोणाच्या नजरेतून आहे, कधी घडतं, आणि शेवटी काय बदललेलं असतं. तिसरी ओळ कोरी राहिली तर ते प्रकरण काढायचं किंवा दुसऱ्यात मुरवायचं. भाषा कितीही सुंदर असो. साठ हजार शब्दांच्या खर्ड्यातून दहा-पंधरा हजार शब्द गेले तर घाबरू नये.

कालगणनाही इथेच तपासतात. गोदावरीच्या पुरात नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढल्याचं लिहून पुढच्याच परिच्छेदात नायकाला तिथल्याच रामकुंडाच्या पायरीवर बसवलं, तर तो प्रसंगच पुन्हा रचावा लागतो. द्राक्षाची तोडणी ऐन पावसाळ्यात दाखवली तरी तसंच.

मुद्रितशोधनाचं शिस्तीचं काम यानंतरचं. इथे मोठी मदत एका साध्या पानाची होते, आणि ते लेखकानेच करून द्यायचं असतं: निवेदनात 'केले' की 'केलं', पात्रांची व गावांची नावं कशी लिहायची, कुठलं पात्र कोणती बोली बोलतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम (१९६२ साली १४, १९७२ साली आणखी ४) निवेदनाला लागू करावेत. पात्राच्या तोंडची भाषा मात्र तशीच राहू द्यावी. बागलाणातली म्हातारी अहिराणीत 'मना' म्हणते, म्हणजे 'माझा'. वर सांगितलेलं पान सोबत नसेल तर मुद्रितशोधक सरळ 'मला' करतो आणि वाक्याचा अर्थच फिरतो. चूक त्याची म्हणता येत नाही.

तासाला आठ-दहा पानांवर वेग गेला की नजर शब्द ओळखून पुढे सरकते, अक्षरं वाचत नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि जोडाक्षरं आधी बघावीत. 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालं की पंगतीतले स्वयंपाकी एकदम गुरुजी होतात, आणि दोन्ही रूपं शुद्ध असल्याने संगणक ही चूक दाखवत नाही.

घोटाळा होतो तो क्रम उलटल्याने. पहिलं प्रकरण वीसदा घासून लखलखीत केलेलं असतं, अकरावं कच्चंच. आणि घासलेल्या प्रकरणावर जीव जडतो. कार्डावरची तिसरी ओळ कोरी असूनही ते काढवत नाही. साहित्यिक कादंबरी लिहिणाऱ्याला हा धोका अधिक, कारण त्याचं वाक्यावर प्रेम असतं आणि त्याच प्रेमापायी तो लिहायला बसलेला असतो. उलटा प्रकारही होतो: पानं लागल्यावर, मुद्रितं (छपाईआधी तपासायच्या प्रती) हातात आली की लेखकाला नवा प्रसंग सुचतो. परिच्छेद घुसला की पुढची पानं सरकतात, आणि नव्या मजकुरातल्या चुका कोणीच न तपासता छापल्या जातात.

सीमेवरची काही प्रकरणं मात्र असतातच. निवेदन 'ती'वरून 'मी'वर नेलं तर बदल दिसतो सर्वनामांचा आणि क्रियापदांचा, पण 'मी'ला जे माहीत असणं शक्य नाही ते सगळं गळतं. म्हणून हे पुनर्लेखनच. वयाचा हिशेब घ्या. २००३ च्या सिंहस्थात सहा वर्षांची मुलगी २०१५ च्या सिंहस्थात पंधरा वर्षांची लिहिली गेली. आकडा बदलून अठरा केला आणि बाकी काही हललं नाही, तर मुद्रितशोधकाने खूण करून पुढे जावं. पण ती अल्पवयीन आहे म्हणूनच घरच्यांनी तिची सही धरली नाही, असं कथानक त्यावर उभं असेल, तर त्याने आकड्याला हात लावू नये. समासात प्रश्नचिन्ह करून ते पान लेखकाकडे परत पाठवावं.