शुगर वाढली की दात आतून कसा पोखरला जातो

हंगामात बांधावर उभं राहून उसाचं कांडं दातानं सोलून खाणं कोल्हापूरकराला नवं नाही. निरोगी दात तो ताण सहज पेलतात. पण बरीच वर्षं शुगर ताब्यात नसेल, तर अशा वेळी दाताचा टवका उडू शकतो, किंवा आधीच सैल झालेला दात हलतोय हे तेव्हाच कळतं.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनानं सुमारे 96 टक्के खनिज असतं. ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण ठिसूळ. त्याखालच्या डेंटिनमध्ये खनिज 70 टक्के आणि सेंद्रिय भाग 20 टक्क्यांच्या आसपास. हा सेंद्रिय भाग मुख्यतः कोलॅजेनचे धागे. दाताला किंचित लवचिकपणा याच धाग्यांमुळे येतो. चावताना बसणारा दणका डेंटिन झेलतं, म्हणून वरचं एनॅमल तडकत नाही.

मधुमेहाचा घाव नेमका इथे बसतो. रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटते. एचबीए1सीच्या, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीत हेच मोजतात, फक्त तिथे साखर हिमोग्लोबिनला चिकटलेली असते. लाल पेशी साधारण 120 दिवसांत बदलतात, त्यामुळे पथ्य पाळलं की रिपोर्ट सुधारतो. डेंटिनमधलं कोलॅजेन मात्र हाडातल्यासारखं बदलत नाही. त्याला चिकटलेली साखर धाग्याधाग्यांत गाठी मारत जाते, धागे ताठर होतात आणि दणका झेलायची ताकद घटते. मधुमेही उंदरांवरच्या प्रयोगांत एनॅमल आणि डेंटिन दोन्हींचा कठीणपणा काही आठवड्यांत कमी झालेला दिसला आहे.

बाहेरून लाळ कमी पडते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते आणि दाताला कॅल्शियम परत देते. शुगर वाढून लघवी जास्त झाली की अंगातलं पाणी घटतं, तोंड कोरडं पडतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. तोंडाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं; हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ तर 6.2च्या आसपासच विरघळू लागतं. म्हणून उतारवयातल्या मधुमेहींची कीड पुष्कळदा मुळाशी, हिरडीलगत सापडते.

सर्वांत मोठं नुकसान दात ज्यावर उभा असतो त्या पायाचं होतं. दात हाडात घट्ट रुतलेला नसतो, सुमारे 0.2 मिलीमीटर जाडीच्या तंतूंच्या गादीवर तो टांगलेला असतो. शुगर वाढलेली असली की हिरडीची सूज लवकर ओसरत नाही आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर येतो. हिरडी आणि दात यांमधली फट निरोगी तोंडात 1 ते 3 मिलीमीटर असते. 4च्या पुढे गेली की पायोरियाची, म्हणजे दाताचा आधार झिजवणाऱ्या हिरडीच्या रोगाची शंका घ्यायची. उलट बाजूनंही हे खरं आहे: हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी सरासरी 0.4 टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं.

आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘साखर नको, गूळ चालतो’ हे चूक आहे. गुळात बहुतांश साखरच असते आणि काकवी तर दातांच्या फटीत चिकटून बसते. दुसरी मिश्री. ती भाजलेली तंबाखू आहे. तिनं हिरडीतून येणारं रक्त कमी दिसतं, कारण तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. रोग आत वाढतच राहतो आणि माणूस बरं वाटतंय म्हणून आणखी घासतो.

करायचं ते साधं आहे. मऊ ब्रशनं दिवसातून दोनदा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दात घासा. घासल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातावर राहील. आंबट काही खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून घासा. हिरडीतून रक्त येणं, दातांत नवी फट पडणं, कवळी सैल होणं यांतलं काहीही दिसलं तर वेदनेची वाट पाहू नका. पायोरिया बराच काळ दुखत नाही.

दाताच्या डॉक्टरांकडे जाताना ताजा एचबीए1सी रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी न्या. शक्यतो सकाळची वेळ घ्या, न्याहारी आणि नेहमीचं औषध घेऊनच जा. उपाशी पोटी इन्सुलिन घेऊन खुर्चीत बसलात तर शुगर 70च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली की लगेच सांगा. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची. दाताचं काम त्यानंतर.