गुप्ततावाचक इंग्रजी शब्दांतील अर्थभेद

सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, प्रायव्हेट, कव्हर्ट आणि क्लॅन्डेस्टाइन या इंग्रजी शब्दांची मराठीत बहुधा ‘गुप्त’ किंवा ‘गोपनीय’ यावरच बोळवण होते. इंग्रजीत मात्र काय लपवले, कोणापासून आणि कोणाच्या भरवशावर, यावर शब्दाची निवड ठरते.

यांत सीक्रेट सर्वांत व्यापक. कॉन्फिडेन्शियल हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. मुंबई उच्च न्यायालयात दावा लावणाऱ्या अशिलाने वकिलाला सांगितलेली हकिगत कॉन्फिडेन्शियल असते, कारण ती विश्वासाने त्याच्या हवाली केलेली असते. केंद्र सरकारच्या कागदपत्रांत टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल अशी उतरती श्रेणीही आहे. मंत्रालयात ‘सीआर’ (कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट) म्हणून ओळखला जाणारा, कर्मचाऱ्याच्या कामाविषयीचा गोपनीय अहवाल पूर्वी खुद्द कर्मचाऱ्यालाही सहसा दाखवला जात नसे. त्यातली प्रत्येक नोंद त्याला कळवलीच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त खटल्यात दिला. तो योग्यच होता.

प्रायव्हेट गोष्ट लपलेली असेलच असे नाही. गिरगावातल्या चाळीत एखाद्या घरचे आजारपण सगळ्या मजल्याला ठाऊक असते, तरी ते त्या घराचे खासगीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मूलभूत हक्क म्हणून मान्य केली ती हीच प्रायव्हसी.

सर्वाधिक गल्लत कव्हर्ट आणि क्लॅन्डेस्टाइन यांत होते. अमेरिकी लष्करी परिभाषेत क्लॅन्डेस्टाइन कारवाईत कारवाई झाल्याचेच कळू द्यायचे नसते; कव्हर्ट कारवाई उघड दिसली तरी चालते, तिच्यामागचा सूत्रधार कळता कामा नये. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेले काँग्रेस रेडिओ या दोन्ही व्याख्यांत बसत नाही. ‘४२.३४ मीटरवरून, भारतात कुठूनतरी’ अशी त्याची घोषणा असे. प्रक्षेपण लोकांनी ऐकावे यासाठीच होते आणि काँग्रेसचे नावही त्यात उघड घेतले जाई. लपवायचे होते ते ठिकाण आणि माणसे. म्हणून ट्रान्समीटर सतत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवावा लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून उषा मेहतांना अटक केली. प्रसारणाच्या परिभाषेत अशा केंद्राला क्लॅन्डेस्टाइन स्टेशन म्हणतात. पण ठिकाण झाकून आवाज उघडपणे पोचवणाऱ्या या धाडसी कामाला अंडरग्राउंड, म्हणजे भूमिगत, हा शब्द अधिक शोभतो.