अमेरिकन स्कीइंगचे हिम आले कोठून?

23 फेब्रुवारी 2025 रोजी इटलीतील सेस्त्रिएरे येथे मिकाएला शिफ्रिन या अमेरिकन खेळाडूने स्लालम, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याची, शर्यत जिंकली आणि विश्वचषक मालिकेतील विजयांचे शतक पूर्ण केले. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्क यांचा 86 विजयांचा विक्रम तिने 2023 मध्येच मोडला होता. अशा प्रसंगी अमेरिकन स्कीइंगच्या इतिहासाची उजळणी होते, पदकांचे हिशेब मांडले जातात आणि रॉकी पर्वतातील शुभ्र शिखरांची छायाचित्रे छापली जातात. त्या छायाचित्रांमुळे एक गैरसमज पक्का होतो, तो म्हणजे हा खेळ निसर्गाने आयत्या दिलेल्या हिमावर वाढला. प्रत्यक्षात अमेरिकेच्या पूर्वेकडील आणि मध्य-पश्चिमेकडील कित्येक टेकड्यांवर हिवाळ्याचा बराच काळ जे हिम असते ते नळीतून येते. या खेळाच्या सन्मानपटात खेळाडूंइतकेच पाण्याचा थेंब गोठवणाऱ्या माणसांचे स्थान आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात अर्थातच नैसर्गिक हिमानेच झाली. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतात जन्मलेले जॉन थॉम्पसन, ज्यांना लोक ‘स्नोशू’ थॉम्पसन म्हणत, 1856 पासून सुमारे वीस हिवाळे सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून टपाल पोहोचवत होते. प्लासरव्हिल ते कार्सन खोरे हे अंतर सुमारे 145 किलोमीटरचे होते आणि या कामाचा रास्त मोबदला त्यांना कधीच मिळाला नाही. पुढे 1905 मध्ये मिशिगनमधील इशपेमिंग येथे कार्ल टेलेफसन यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्की संघटना स्थापन झाली. 1936 मध्ये आयडाहोतील सन व्हॅली येथे जगातील पहिली खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली. तिची कल्पना युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंता जेम्स करन यांना जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. 1948 मध्ये ग्रेचेन फ्रेझर यांनी स्कीइंगमधील अमेरिकेचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले, तर 1952 मध्ये अँड्रिया मीड लॉरेन्स यांनी एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. लॉरेन्स वाढल्या त्या व्हर्माँटमधील पिको पीक या आईवडिलांच्याच स्की केंद्रावर.

व्हर्माँट, कनेटिकट, न्यूयॉर्क या पूर्वेकडील राज्यांतच खरी अडचण होती. तेथील डोंगर बुटके आहेत. समुद्र जवळ असल्याने ऐन जानेवारीतही पाऊस पडतो आणि आठवडाभर साचलेले हिम एका रात्रीत वाहून जाते. याउलट मोठी शहरे, आगगाड्या आणि हौशी ग्राहक या भागात भरपूर होते. मागणी होती, पण हिमाची खात्री नव्हती. कनेटिकटमधील मोहॉक माउंटन या केंद्राचे मालक वॉल्टर शोनेक्ट यांनी एका कोरड्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या विकत आणून, त्या फोडून उतारावर पसरल्या होत्या. यावरून मालकांची अगतिकता कळते.

याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, व्हिन्सेंट शेफर हे गृहस्थ वेगळ्याच कारणासाठी गोठणाऱ्या थेंबांच्या मागे लागले होते. शेफर यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले होते, त्यांच्याकडे कोणतीही पदवी नव्हती. नोबेल पारितोषिक विजेते अर्विंग लँगम्यूर यांचे ते सहायक होते आणि स्वतः कट्टर स्कीप्रेमी होते. गावातील हिवाळी क्रीडा मंडळ उभारण्यात आणि 1934 मध्ये नॉर्थ क्रीकला जाणारी स्की-आगगाडी सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. जुलै 1946 मध्ये ते काळ्या मखमलीचे अस्तर लावलेल्या एका घरगुती फ्रीझरमध्ये उच्छ्वास सोडून कृत्रिम ढग तयार करत होते. त्यातील तापमान शून्याच्या बरेच खाली होते, तरी ढगातील थेंब द्रवच राहत होते. एका उकाड्याच्या दिवशी फ्रीझर पुरेसा थंड होईना म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा ठेवला. क्षणार्धात सारा ढग लखलखत्या हिमकणांत बदलला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी विमानातून खऱ्या ढगावर हाच प्रयोग केला आणि त्या ढगाखाली हिम पडताना दिसले. सिल्व्हर आयोडाइडच्या कणांनीही हेच साधते, हे त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी दाखवून दिले.

आता प्रश्न असा की शून्याखाली गेलेले पाणी गोठत का नाही? पाणी शून्य अंशाला गोठते हे शाळेत शिकवलेले विधान अर्धेच खरे आहे. शून्य अंश सेल्सिअस हे बर्फाच्या वितळण्याचे तापमान आहे. पाण्याला गोठायचे असेल तर त्यातील काही रेणूंनी आधी योगायोगाने स्फटिकाच्या शिस्तीत एकत्र यावे लागते. असा सूक्ष्म पुंजका तयार झाला की त्याच्या आतील रेणूंची ऊर्जा कमी होते, पण त्याच वेळी बर्फ आणि पाणी यांच्यात एक नवा पृष्ठभाग निर्माण होतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. होणारा लाभ आकारमानाच्या, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर खर्च पृष्ठफळाच्या, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे पुंजका लहान असेपर्यंत खर्चच लाभापेक्षा मोठा असतो आणि तो पुन्हा विस्कटतो. एका ठरावीक त्रिज्येपलीकडे गेला तरच तो टिकतो आणि वाढतो. ही त्रिज्या तापमान शून्याच्या जितके खाली जाईल तितकी लहान होत जाते. ढोबळ हिशेबाने उणे 5 अंशांना ती सुमारे 10 नॅनोमीटर असते. एवढ्या पुंजक्यात लाखाहून अधिक रेणू सामावतात आणि इतके रेणू केवळ योगायोगाने जुळून येणे जवळपास अशक्य असते. म्हणूनच अगदी शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे 38 अंशांच्या आसपास जाईपर्यंत द्रव राहू शकतो.

एखादा परका कण या रेणूंना बसायला तयार बैठक देत असेल तर चित्र बदलते. धुळीचे काही कण, सिल्व्हर आयोडाइड आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू, हे काम करतात. या जिवाणूच्या बाह्यावरणावरील एक प्रथिन पाण्याच्या रेणूंना बर्फासारख्या रचनेत धरून ठेवते आणि उणे 2 अंशांच्या आसपासच गोठण सुरू करून देते. पिकांवर दव गोठून होणाऱ्या नुकसानीचा अभ्यास करताना स्टीव्हन लिंडो यांच्यासारख्या संशोधकांनी 1970 च्या दशकात त्याचा छडा लावला. पुढे याच जिवाणूची निर्जीव केलेली भुकटी ‘स्नोमॅक्स’ या नावाने स्की केंद्रांना विकली जाऊ लागली. कृत्रिम हिम म्हणजे काहीतरी रासायनिक फेस असतो असे अनेकांना वाटते, त्यांच्यासाठी हे सांगणे आवश्यक आहे की बहुतेक ठिकाणी ते केवळ पाणी आणि हवा यांपासून बनते, आणि फार तर त्यात असे बीज, म्हणजे गोठण सुरू करून देणारे कण, मिसळलेले असते.

बाहेरचे बीज नसतानाही काम कसे भागते, हे कनेटिकटमधील मिलफर्ड येथील तीन तरुण अभियंत्यांनी दाखवून दिले. वेन पिअर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची यांची टे मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी धातूच्या स्की बनवत असे आणि हिमाविना गेलेल्या हिवाळ्याने त्यांची विक्री मंदावली होती. मार्च 1950 मध्ये त्यांनी रंग फवारण्याचे नोझल, बागेत पाणी घालायचा पाइप आणि हवेचा कॉम्प्रेसर एकत्र जोडून थंड रात्री पाणी हवेत उडवले आणि सकाळपर्यंत हिमाचा ढीग साचला. 1954 मध्ये पिअर्स यांना पेटंट मिळाले. त्याआधी 1940 च्या दशकात कॅनडातील संशोधकांना जेट इंजिनावर बर्फ कसा साचतो हे पाहताना वाऱ्याच्या बोगद्यात असेच हिम मिळाले होते, मात्र त्यांना ते नकोसे होते. पिअर्स यांच्या यंत्रात दाबाखालची हवा दोन कामे करते. ती पाण्याचे बारीक तुषार करते आणि नोझलबाहेर पडताच झपाट्याने प्रसरण पावून इतकी थंड होते की काही तुषार जागीच गोठतात. हेच गोठलेले कण मग मोठ्या थेंबांवर आदळून त्यांचे बीज बनतात.

पण केवळ बीज मिळून भागत नाही. एक किलो पाणी 4 अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे 17 किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते, पण शून्याच्या पाण्याचा शून्याचाच बर्फ करायला 334 किलोज्यूल. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी 80 अंशांपर्यंत तापले असते. थेंब काही सेकंदच हवेत असतो आणि तेवढ्या वेळात हा अप्रकट उष्मा बाहेर पडला पाहिजे. येथे बाष्पीभवन मदतीला येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2500 ज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे थेंबाचा थोडासा भाग उडून गेला तर त्याच्या सुमारे साडेसात पट वजनाचे पाणी गोठू शकते. माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते तेच हे कारण, आणि कोकणातल्या दमट हवेत माठ निष्प्रभ ठरतो त्याच कारणाने दमट रात्री हिमयंत्रही निष्प्रभ ठरते. म्हणून यंत्र चालवणारे साध्या तापमापकाकडे न पाहता ओल्या फुग्याच्या, म्हणजे फुग्यावर ओले कापड गुंडाळल्याने बाष्पीभवनाचा थंडावाही दाखवणाऱ्या, तापमापकाकडे पाहतात. त्याचा आकडा उणे 2 अंशांच्या खाली गेला की काम सुरू होते. हवा अधिक 2 अंश असून आर्द्रता केवळ 30 टक्के असेल तर ओला फुगा सुमारे उणे अडीच अंश दाखवतो आणि शून्याच्या वरच्या हवेतही हिम बनते. उलट हवा उणे 1 अंश असून धुके दाटलेले असेल तर रात्रभर यंत्र चालवूनही उतारावर चिखलच होतो. एवढी उपकरणे हाताशी असूनही जुनेजाणते कामगार यंत्रासमोर जाऊन जॅकेटची बाही आडवी धरतात. कण बाहीवरून टणकन उडाले तर ठीक, चिकटून ओल धरू लागले तर पाण्याची तोटी थोडी आवळायची.

शेफर आणि व्हॉनेगट यांच्या संशोधनाची दुसरी शाखा आपल्याकडे ‘कृत्रिम पाऊस’ या नावाने परिचित आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात त्याचे पद्धतशीर प्रयोग केले आहेत. दुष्काळी वर्षात एकीकडे बेडकांची लग्ने लागतात आणि दुसरीकडे विमानाने रसायन फवारले की धरणे भरतील असे सांगितले जाते. पहिल्या गोष्टीत विज्ञान मुळीच नाही आणि दुसरीतील विज्ञानाला मोठी अट आहे, कारण बीज हे फक्त ढगात आधीच असलेल्या पाण्याला वाट दाखवते, कोरड्या आकाशातून पाणी निर्माण करत नाही. हिमयंत्राला ही अडचण येत नाही, कारण त्याचे पाणी तळ्यातून पंपाने येते.

यंत्रातून पडणारे हिम निसर्गाच्या षट्कोनी, फांद्या फुटलेल्या कणांसारखे नसते. ते गोलसर बर्फाचे बारीक दाणे असतात. ताज्या नैसर्गिक हिमाची घनता बहुधा घनमीटरला 100 किलो किंवा त्याहून कमी असते, तर या हिमाची 400 ते 500 किलो. हौशी माणसाला ते कठीण आणि खरखरीत वाटते, पण शर्यतीच्या दृष्टीने तोच गुण ठरतो, कारण पहिल्या खेळाडूच्या वळणांनी मार्गाची चाळण झाली तर पन्नासाव्या खेळाडूवर अन्याय होतो. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये कृत्रिम हिम प्रथम वापरले गेले आणि 2022 मध्ये बीजिंगच्या स्पर्धा जवळजवळ पूर्णपणे त्यावरच झाल्या. शिफ्रिनचे शिक्षण व्हर्माँटमधील बर्क माउंटन अकादमीत झाले आणि व्हर्माँटमधीलच किलिंग्टन येथे नोव्हेंबरअखेर, म्हणजे निसर्गाच्या भरवशावर राहता येत नाही अशा काळात, झालेल्या विश्वचषक शर्यतींत तिने स्लालम वारंवार जिंकली आहे. 2010 च्या व्हँकूवर ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचे, म्हणजे सर्वाधिक वेगाने उतरण्याच्या शर्यतीचे, सुवर्ण मिळवणारी लिंडसी व्हॉन तर मिनेसोटातील बक हिल या जेमतेम शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर, प्रशिक्षक एरिक सेलर यांच्या हाताखाली तयार झाली. तेथे उतार इतका आखूड की खाली पोहोचताच पुन्हा वर जायचे, म्हणजे एका संध्याकाळी वळणांचा सराव कितीतरी वेळा होतो. पण त्यासाठी हिवाळाभर टिकणारे हिम लागते आणि ते नळीतूनच येते.

या सोयीची किंमत पाण्यात आणि विजेत मोजावी लागते. एक हेक्टर उतारावर 30 सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर साधारण साडेतेरा लाख लिटर पाणी लागते. त्यातील बराच भाग वसंतात वितळून ओढ्यांना परत मिळतो, पण वीज परत मिळत नाही. तापमानवाढीचा फटकाही येथे दुहेरी बसतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, म्हणजे तापमानाबरोबर हवेतील ओलही वाढत जाते आणि ओल्या फुग्याचा आकडा उणे 2 च्या खाली राहण्याचे तास दोन्ही बाजूंनी कमी होतात. म्हणून मध्य-पश्चिमेकडील लहान केंद्रांना पूर्वी महिनाभरात होणारे काम चार-पाच कोरड्या रात्रींत उरकण्यासाठी अधिक मोठे पंप आणि अधिक यंत्रे बसवावी लागतात, आणि ज्यांना ते परवडत नाही त्या टेकड्या बंद होतात.