लोणारच्या विवरात चढण शेवटी येते

डोंगरावर आधी चढण असते. दमलं की मागे फिरता येतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला सगळं उलटं. पायवाट आधी खाली नेते, काठापासून सरोवरापर्यंत जवळपास १३७ मीटर. उतरताना दम लागत नाही, बाटली भरलेलीच राहते, आणि मग उन्हं तापल्यावर तेवढंच चढायचं असतं.

सावलीचा हिशेब मात्र सोपा आहे. विवराचा आतला उतार साधारण २६ ते ३० अंशांचा. सकाळी सूर्य तासाला १३-१४ अंश वर येतो. म्हणजे पूर्वेच्या काठाखालच्या उतारावर उजाडल्यापासून दोनेक तास थेट ऊन पोचत नाही. समोरचा पश्चिमेचा उतार लगेच तापू लागतो. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास दिवस उगवतो. पूर्वेकडून उतरायचं आणि सातलाच परतीची चढण धरायची.

पारा ३५ च्या वर गेला की हवा कातडीपेक्षा गरम होते. मग अंगातली उष्णता बाहेर काढायला घामच उरतो. १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेतो. काठावरच्या कोरड्या वाऱ्यात तो निघताच वाळतो, अंग कोरडं लागतं आणि पाणी प्यायचं राहून जातं. तळाशी वारा अडला की घाम ठिबकतो. ठिबकलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, गारवा देत नाही.

माणशी २ लिटर पाणी घ्या. त्यातल्या १ लिटरमध्ये चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा, आणि ती बाटली चढणीसाठीच ठेवा. सरोवराचं पाणी खारं, सामू १० च्या आसपास. ते पिण्याचं नाही. खिशातला कांदा ऊन अडवत नाही, न्याहारीला खाल्लेला बरा. दुपट्टा मात्र हवाच. चपला नकोत: वेड्या बाभळीचा काटा रबरातून थेट तळव्यात जातो, आणि सुट्या मुरुमावर पाय घसरतो.

सोबतचा माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर ऊन लागलंय असंच समजा. त्याला चालवत वर आणू नका. चालण्याने अंग आणखी तापतं. सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून दुपट्ट्याने वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.